घंटा वसईची, वाघनखं लंडनची: वाई, सातारा आणि औंधची सहल

महाबळेश्वरला जाताना वाई लागते, कोल्हापूरला जाताना सातारा लागतो आणि औंध मात्र कुठेही जाताना लागत नाही. तिथे मुद्दाम जावं लागतं. आमच्या घरात औंधचं नाव सतत निघतं, कारण सासूबाईंचं माहेर खटाव तालुक्यातलं आणि त्यांचे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकलेले. तरी दरवेळी आम्ही वाईवरून थेट पाचगणीला चढायचो आणि साताऱ्यात फक्त पेढ्यांपुरते थांबायचो. यंदा दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा शनिवार-रविवार मोकळा होता. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) आधीच जाहीर केलं, "मला पॉइंट-बिंट बघायचे नाहीत. औंधला न्या." मग वाटेतलं वाई-सातारा आपोआप आलं.

गाडीत मी, नवरा, सहावीतली थोरली, दुसरीतला धाकटा आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या आई. मुक्काम साताऱ्यात.

शनिवार सकाळ: वाई

खंबाटकी उतरून सुरूरला वळलो तेव्हा उसाच्या शेतांवर अजून धुकं होतं. कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग. गाड्यांच्या मागे ऊस उपसायला धावणारी पोरं बघून आमचा धाकटा काचेला नाक लावून बसला. त्यालाही उतरायचं होतं.

वाईत ढोल्या गणपतीला सकाळी गेलेलं बरं. गर्दी नसते आणि कृष्णेच्या घाटावर ऊन कोवळं असतं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. मूर्ती एकाच दगडातली आणि नावाप्रमाणे ढोली, चांगली भव्य. पण मुलांना मी आधी देवळाच्या मागे नेलं. मागची भिंत सपाट नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. थोरलीने बाटलीतलं पाणी घाटाच्या पायरीवर ओतून, मध्ये चपलेचं टोक धरून हा प्रयोग करून पाहिला. एक आजोबा धोतर पिळता पिळता थांबले आणि म्हणाले, "बरोब्बर. असंच जातंय पानी. आमी बगितलंय की."

शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे. त्यातला काळा नंदी इतका गुळगुळीत की हात लावायचा मोह आवरत नाही. वाई म्हटल्यावर मराठी विश्वकोश आठवणारी माणसं आता कमी होत चालली असतील. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्या कामाचा संसार याच गावात मांडला. नवऱ्याने ते मुलांना सांगायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात पोहे आले.

मेणवली

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. इथे आमचा ठरवलेल्यापेक्षा दुप्पट वेळ गेला आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

नाना फडणवीसांचा वाडा अजून फडणीस घराण्याकडेच आहे. प्रवेशासाठी थोडे पैसे घेतात. बाहेरून दिसते ती नुसती भक्कम भिंत. आत शिरल्यावर एकामागून एक चौक उलगडत जातात, एकूण सहा. सागवानी खांब, शेणाने सारवलेल्या जमिनी, वरच्या मजल्यावर जुन्या भित्तिचित्रांचे रंग. आईंना चित्रांपेक्षा जिने आवडले. "एवढ्या अरुंद जिन्यावरून नऊवारी नेसून, हातात समई घेऊन चढायच्या बायका," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग प्रत्येक जिना मोजून चढल्या. गुडघ्यांची तक्रार दिवसभर निघाली नाही.

हे गाव नानांना मिळालं ते १७६८ मध्ये. देणारे दोघे: साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा आई एकदम सरसावून बसल्या. "बघ, औंधनेच दिलेलं आहे!" त्यानंतर दिवसभर मेणवलीतलं जे काही चांगलं दिसेल त्याचं श्रेय औंधच्या खात्यावर जमा होत गेलं.

वाड्याच्या मागून घाटावर उतरलात की कृष्णा दिसते आणि चंद्रकोरीसारखा वळलेला घाट दिसतो. हिंदी सिनेमांच्या चित्रीकरणामुळे हा घाट अनेकांनी पडद्यावर पाहिलेला असतो; लोक येतात, त्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि जातात. पण इथली खरी बघायची गोष्ट मेणवलेश्वराच्या देवळाजवळच्या छोट्या बांधकामात टांगलेली आहे. ती म्हणजे एक अवाढव्य घंटा. जवळ जाऊन बघितलं तर तिच्या अंगावर मेरी आणि तिच्या कडेवरचा बाळ येशू, आणि साल १७०७.

चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांमध्ये वाटल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरचीही. मेणवलीच्या वाट्याला ही आली. थोरलीने विचारलं, "मग ती परत द्यायला नको का?" नवरा म्हणाला, "कुणाला?" यावर ती गप्प झाली, पण प्रश्न तिने सोडला नाही. पुढे तो पुन्हा निघालाच.

देवळाच्या पायरीवर एक मावशी पेरू घेऊन बसल्या होत्या. मीठ-तिखट लावून कापून देत होत्या. त्यांना म्हटलं, घंटेवर ख्रिस्ताची आई आहे, ठाऊक आहे ना? "ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "ल्हानपनापास्नं बगतोय. आयच हाय ती, कुनाची का असंना." पेरूचे पैसे देताना त्यांनी धाकट्याला एक जास्तीचा दिला, "तुझ्या पोटात जागा दिसती" म्हणून.

जाणाऱ्यांसाठी: वाड्यात पायातलं काढून फिरावं लागलं तर सारवलेली जमीन थंड लागते, ज्येष्ठांसाठी मोजे ठेवा. घाटावर शेवाळ असतं. मुलांना खालच्या पायऱ्यांवर सोडू नका. जेवणाची मोठी सोय गावात शोधू नका. आम्ही वाईला परत येऊन पिठलं, भाकरी, ठेचा आणि भरलं वांगं खाल्लं. भाकरी ज्वारीची, तव्यावरून थेट ताटात.

शनिवार दुपार: लिंबची बारामोटेची विहीर

पाचवड, आनेवाडीचा टोलनाका आणि मग लिंब फाटा. महामार्ग सोडून आत गेलं की पाचच मिनिटांत ट्रकांचे आवाज संपतात. शेतातून जाताना विहीर कुठे दिसत नाही. कठडा दिसतो, झाडं दिसतात, आणि मग एकदम पायाखालची जमीन संपून खोल अष्टकोनी पोकळी येते.

हिला नुसती विहीर म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. पायऱ्या उतरून दरवाज्यातून आत गेलं की मुख्य विहिरीच्या आणि मागच्या छोट्या भागाच्या मध्ये चक्क एक महाल लागतो. खांब, कमानी, विहिरीत डोकावणाऱ्या खिडक्या, बसायच्या जागा. वर मोटा, म्हणजे बैलांकडून ओढून पाणी काढायच्या चामड्याच्या पिशव्या, चालायच्या आणि खाली या गारव्यात माणसं बसायची. दारावर आणि भिंतींवर दगडात कोरलेले हत्ती, त्यांना पंजात धरणारी सिंहासारखी शिल्पं, स्वार. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही बांधून घेतली, आसपासच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून. खोली शंभर फुटांहून जास्त आणि व्यास पन्नासेक फूट. बाहेर ऊन चटके देत होतं आणि महालात अंगावर शाल घ्यावी असा गारवा.

नाव बारामोटेची असलं तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत. धाकट्याने त्या तीनदा मोजल्या, प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला. वर एक शेतकरी गडी दावं वळत बसला होता, त्याला धाकट्याने विचारलं, "मोट म्हणजे काय?" त्याने दावं बाजूला ठेवलं, उठला, धावेवरून बैल कसे पुढे चालत जायचे आणि मोट वर आली की कसे मागे मागे यायचे ते स्वतः चालून दाखवलं. मागे चालताना बैलासारखी मानही हलवली. "माज्या आज्याला यायचं हे. मला फकस्त नाटक येतं." कुठल्याही फलकावर हे लिहिता आलं नसतं.

मात्र एक स्पष्ट सांगते: काठावरून वाकून बघायचा मोह होतो आणि तो जीवघेणा आहे. लहान मुलांचा हात एका मोठ्या माणसाने सतत धरून ठेवावा, आणि त्या माणसाने फोटो काढू नयेत. आमच्याकडे ही ड्यूटी नवऱ्याकडे होती, म्हणून त्याच्याकडे विहिरीचा एकही फोटो नाही. संध्याकाळ होण्याच्या आत जा. उजेड तिरपा असताना महालात कोरीव काम छान उठून दिसतं, अंधार पडल्यावर मात्र पायऱ्या दिसत नाहीत.

रात्री साताऱ्यात फार काही केलं नाही. लॉजवर गरम पाणी बादलीतून आलं, जेवण बरं होतं. अजिंक्यताऱ्यावर दिवे दिसत होते. गादीवर आडवं होता होता धाकट्याने विचारलं, उद्या पण विहीर आहे का?

रविवार सकाळ: सातारा

एसटी स्टँडजवळच्या नव्या इमारतीतलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथे आली तेव्हा रांगा लागल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा ती पुढे गेलेली होती. आम्हाला हे आधीच ठाऊक होतं. पण आमच्या पुढचं एक कुटुंब तासगावहून फक्त त्यासाठी आलं होतं. त्यांची आजी थोडा वेळ हिरमुसली, मग दांडपट्टे बघून खुलली.

वाघनखांची गोष्ट मी मुलांना तिथेच सांगितली, कारण ती मुळात साताऱ्याचीच आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी साताऱ्याला रेसिडेंट म्हणून जेम्स ग्रँट डफला नेमलं. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा तो हाच. ती वाघनखं त्याच्याकडे आली, त्याच्याबरोबर विलायतेला गेली आणि पुढे त्याच्या वंशजांकडून संग्रहालयात. अफझलखानाच्या भेटीत वापरली ती हीच का, हे खात्रीने सांगता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालयही म्हणतं. थोरली म्हणाली, "मग एवढ्या रांगा कशाला?" आईंनी उत्तर दिलं, "पंढरपूरला कुणी पुरावा मागतं का?" मला दोघींचंही पटलं. पण इतिहासाच्या बाबतीत मी थोरलीच्या बाजूने आहे, हे लिहून ठेवते.

बाकी संग्रहालय मुलांना बघायला सोपं आहे. धोप, गुर्ज, कट्यारी, चिलखतं, अंगरखे, पगड्या, जुनी नाणी, कागदपत्रं. धाकट्याने चिलखताच्या कड्या बघून "हे घालून शू कशी करायची?" असं मोठ्याने विचारल्यावर पहारेकरी काका तोंडावर हात धरून बाहेर गेले. मोडीतल्या कागदांपाशी आम्ही बराच वेळ होतो. आईंना मोडी थोडी येते, वडिलांनी शिकवलेली. एका पत्राचा मायना त्यांनी अडखळत वाचला आणि "पुढचं लेखकाने घाईत लिहिलंय" असा शेरा मारून सोडून दिलं. शाळेतल्या बाई वही तपासतात तशी त्यांची मुद्रा होती.

इथून आम्ही राजवाड्याकडे गेलो. रविवार असल्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता; पण बाहेर उभं राहून मुलांना एक सांगायचं होतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. शाळा या राजवाड्यात भरायची. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो हजेरीपट शाळेने जपून ठेवला आहे आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. थोरलीच्या शाळेत तो दिवस साजरा होतो, पण तो का, हे तिला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. "म्हणजे ॲडमिशनचा दिवस?" ती म्हणाली. हो, ॲडमिशनचाच दिवस. एवढ्या पेट्या, तलवारी, वाघनखं पाहिल्यावर मला वाटतं या शहरातली सगळ्यात भारी वस्तू तो हजेरीपट आहे. तो कुठून जिंकून आणलेला नाही आणि कुणी कुठे नेलाही नाही.

पेढे राजवाड्याजवळच घेतले. कंदी पेढा भाजका, फार गोड नसलेला असावा. दुकानदार "खाऊन बघा, मग घ्या" म्हणत असेल तर तिथेच घ्या.

माहुली

कोरेगावच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. दोन्ही काठांवर देवळं, आणि नदीच्या पात्रालगत साताऱ्याच्या राजघराण्यातल्या समाध्या. पलीकडच्या क्षेत्र माहुलीत रामशास्त्री प्रभुण्यांचा जन्म झाला. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे हेच ते, हे आईंनी अशा ठसक्यात सांगितलं की मुलं नदीपलीकडे बघत राहिली, जणू ते तिथून येणार होते.

पण दिवसाचा बादशहा ठरला खंड्या. शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर येत असताना याने भुंकून महाराजांना सावध केलं आणि त्यांचा जीव वाचला. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात, आणि तो गेल्यावर इथे त्याची समाधी बांधली. धाकट्याच्या चेहऱ्यावर आत्तापर्यंतच्या सगळ्या इतिहासाला नसलेला भाव आला. पालखी केवढी होती? भोई किती? कुत्रा पालखीत शांत बसायचा का? पालखीत बसून भुंकला तर? नवऱ्याने शेवटच्या प्रश्नाला "भुंकला तर सगळे मुजरा करायचे" असं उत्तर दिलं. ते त्याने खरं मानलं आणि आम्ही दुरुस्त केलं नाही.

औंध

कोरेगाव, रहिमतपूर आणि मग औंध. साताऱ्याहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. रहिमतपूर सोडलं की ऊस विरळ होत जातो, जमीन करडी होते, झाडं खुरटी होतात. खटाव-माणचा हा दुष्काळी पट्टा. आई खिडकीतून एकेका फाट्याचं नाव सांगत होत्या, कोण आत्या कुठल्या गावात दिली होती त्यासह.

औंधला आधी जेवलो. गावातल्या एका घरगुती खानावळीत बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि आईंनी आवर्जून विचारून करवून घेतलेल्या हुलग्याच्या शेंगोळ्या. वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "पुण्याची मानसं मागत न्हाईत हे. पनीर हाय का इचारत्यात." आईंनी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, त्यानंतर भाकरीवर लोण्याचा गोळा आला आणि बिलात तो नव्हता.

टेकडीवर मूळपीठाची यमाई आणि अर्ध्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय. गाडी वरपर्यंत जाते. पायऱ्याही आहेत, आम्ही थोरलीला आणि तिच्या बाबाला पायऱ्यांनी पाठवलं.

हे संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. यांचंही नाव भवानरावच. १९०९ पासून संस्थान विलीन होईपर्यंत औंधचे राजे. राजा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यात हा माणूस बसत नाही. स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा एक लाख रुपयांची देणगी कबूल केली आणि तिच्यासाठी चित्रंही स्वतः काढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावर जागा दिली, ती आजची किर्लोस्करवाडी. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरांना औंधमध्ये आसरा दिला. ग. दि. माडगूळकर इथल्या शाळेत शिकले. आणि सूर्यनमस्कार! ते राजाने शाळांत सक्तीचे केले होते. आईंचे वडील त्या सक्तीतले. म्हातारपणी डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी पहाटे अंगणात नमस्कार घालायचे, आणि कुणी थांबवलं तर म्हणायचे, "महाराजांचा हुकूम आहे." महाराज जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

१९३९ मध्ये तर या राजाने आपले अधिकारच प्रजेला देऊन टाकले. त्यासाठीची राज्यघटना गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाली. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत हे तिच्या मागे होते. बहात्तर गावांचं, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं संस्थान, आणि तिथे ग्रामपंचायती कारभार करायला लागल्या.

संग्रहालयात शिरल्यावर हे सगळं पाठीशी ठेवूनच बघावं लागतं, नाहीतर गोंधळायला होतं. एका दालनात राजा रविवर्मा आणि धुरंधर, पुढे बंगाली शैलीतली चित्रं, त्यानंतर पहाडी लघुचित्रं, मग एकदम युरोपातल्या नामांकित चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृती. लंडन-रोमला कधी जाऊ न शकणाऱ्या आपल्या प्रजेला ते सगळं बघायला मिळावं, म्हणून राजाने ते माळावर आणून ठेवलं, असं मला तिथे फिरताना सारखं वाटत होतं. औंधच्याच पाथरवटांनी घडवलेले संगमरवरी ऋतू मला त्या प्रतिकृतींपेक्षा जास्त आवडले. हस्तिदंताचं आणि चंदनाचं काम बघायला थोरली काचेला चिकटली. आत फोटो काढता येत नाहीत, आणि त्यामुळे सगळेजण खरोखर बघत होते.

कर्मचारी मामा आमच्याबरोबर फिरत होते. शेवटी एका दगडी शिल्पापाशी थांबून म्हणाले, "ह्ये बगायला परदेशातनं मानसं येत्यात." हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या सगळ्यात नावाजलेल्या इंग्रज शिल्पकारांपैकी एक. शिल्प आई आणि मुलाचं. औंधमध्ये!

मुलांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. धाकट्याचा निकाल तत्काळ आला, "याला नीट करता आलं नाही." नवरा आधुनिक शिल्पकलेबद्दल काहीतरी सांगायला लागला, तेवढ्यात आई म्हणाल्या, "मूल आईला धरून आहे ना? मग झालं. नाक-डोळे कशाला पाहिजेत?" मामांनी मान डोलावली. मग थोरली हळूच म्हणाली, "काल घंटेवर पण आई आणि बाळ होतं. ते पण तिकडूनच आलेलं." आणि लगेच पुढे, "पण हे कुणी जिंकून आणलं नाही. हे विकत घेतलं असेल ना? का भेट?" मामा हसले, "ते आप्पासाहेबांना म्हाईत."

वर यमाईच्या देवळात गेलो. तटबंदीमुळे छोटा किल्लाच वाटतो. काळ्या पाषाणातली देवी मोठी, मांडी घालून बसलेली. आईंनी आणलेली साडी-चोळी दिली, ओटी भरली. तटावरून खाली गाव दिसतं, गावातल्या यमाईच्या देवळापुढची उंच दीपमाळ दिसते आणि पलीकडे नुसता माळ. वारा इतका की आईंचा पदर मी एका हाताने धरून ठेवला होता. पौष पौर्णिमेच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला सगळा तट मोकळा मिळाला.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी जाऊ नका, संग्रहालयं बंद असण्याची शक्यता जास्त. औंधला दुपारी उशिरा पोचलात तर संग्रहालय आधी बघा, देवी थांबते. संग्रहालयासाठी दोन तास हवेत, नुसती फेरी मारायची तरी एक तास. मामांसारखी माणसं आपणहून बोलत नाहीत. काहीतरी विचारा, मग थांबत नाहीत. अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास इथे संगीत महोत्सव असतो, गाणं ऐकणाऱ्यांनी तो धरून यावं. आणि गाडीत पाणी, बिस्किटं ठेवा, रहिमतपूरनंतर मनासारखं दुकान मिळेलच असं नाही.

परत

येताना कोरेगावात वाघ्या घेवडा घेतला. तांबूस, वर रेघा असलेला. इथल्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आमटी खाऊन आल्यावर ते का, हे विचारावं लागत नाही. विकणारा दोन किलो म्हणत होता, आईंनी पाच घेतला आणि नातेवाइकांची नावं मोजायला लागल्या. महामार्गावर सुट्टी संपवून परतणाऱ्यांची गर्दी होती, खंबाटकीपाशी गाड्या मुंगीच्या वेगाने सरकत होत्या. मुलं झोपली. आई जाग्या होत्या आणि औंधच्या राजाने अजून काय काय केलं होतं ते सांगत होत्या. यातलं निम्मं वडिलांकडून ऐकलेलं आणि निम्मं, मला वाटतं, त्यांनीच रचलेलं.

शाळा सुरू झाल्यावर धाकट्याने सुट्टीतल्या सहलीवर दहा ओळी लिहिल्या. त्यात विहीर नाही, वाघनखं नाहीत, हेन्री मूर नाही. दहाच्या दहा ओळी खंड्यावर. "तो पालखीत बसून भुंकला की सगळे मुजरा करायचे" या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलंय. आता शाळेत जाऊन त्याची बाजू मांडायची की बापाची चूक कबूल करायची, यावर घरात एकमत झालेलं नाही.